सात लाद्या कमी

सिताराम सकपाळांनी दिघ्यातल्या एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चौतीस वर्षं काढली. चिठ्ठीशिवाय त्यांनी कुणाला खिळासुद्धा दिला नाही. निवृत्तीनंतर ऐरोलीला आमच्या शेजारी आले, तरी सोसायटीचा बल्ब बदलला की जुना कुठे गेला हे विचारणार तेच. अशा माणसावर बाथरूम दुरुस्त करून घ्यायची वेळ आली.

सकपाळकाकांच्या पत्नी दुर्गाबाई यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं होतं. पंधरा दिवसांनी, रविवारी, त्या लेकीकडून घरी येणार होत्या. तोवर कमोड आणि नवी लादी बसायलाच हवी होती. काम करणार होता तळवलीचा नामदेव. त्याने सरळ विचारलं, माल तुम्ही आणणार की मी? तिथेच काकांचं घोडं अडलं.

वरच्या मजल्यावरचे म्हणाले, कंत्राटदाराला माल आणू दिलात तर तो दुकानदाराकडून कमिशन खाईल. खालचे म्हणाले, तुम्ही आणलात तर काम बिघडल्यावर तो मालावर ढकलेल. काकांना दोन्ही पटलं. सकाळी नामदेवला 'तूच आण' म्हणायचे आणि संध्याकाळी फोन करून 'नको' म्हणायचे. असे चार दिवस गेले. मी वैतागून म्हटलं, अहो, ऐकावं जनाचं, करावं मनाचं. तर म्हणाले, "मनच ठरत नाहीये ना."

शेवटी त्यांच्यातला स्टोअरकीपर जिंकला. टेपने जमीन मोजून काकांनी बरोबर चाळीस लाद्या आणल्या. पांढऱ्या, गुळगुळीत, तोंड दिसेल अशा. "पेटीभर जास्ती आना काका, कापताना तुटतात," असं नामदेवने आधीच सांगितलं होतं. पण उरलेल्या हा घरी नेणार, असं काकांनी मनाशी धरलं आणि एकही जास्त आणली नाही.

सात तुटल्या. दुकानातला तो लॉट संपला होता आणि नव्या पांढऱ्याला निळसर झाक होती. शनिवार उजाडला तरी कमोडसमोरची जागा उघडीच होती. चूक मापाची, मालाची की माणसाची, काकांना काही कळेना. इतके दिवस मला त्यांचा राग यायचा, त्या दिवशी मात्र कीव आली. नामदेव घरी गेला आणि सात करड्या, खरखरीत लाद्या घेऊन आला. कुणाच्या आहेत, हे काकांनी सवयीने विचारलंच.

"माझ्या आयशीच्या मोरीला आनल्या होत्या. जास्तीच्या हायत," तो म्हणाला.

रविवारी दुर्गाबाई वॉकर घेऊन बाथरूममध्ये गेल्या. काका मागे, मी दाराशी. पांढऱ्या लादीवर वॉकर सरकला, तसा काकांनी त्यांचा दंड धरला. दोघं हळूहळू पुढे गेली. करड्या लाद्यांवर पोचल्यावर दुर्गाबाईंनी काकांचा हात सोडला आणि एकट्या उभ्या राहिल्या.

"इथं पाय ठरतो," त्या म्हणाल्या. "सगळीकडं हीच का नाही घातलीत?"

काकांनी त्यांना खाटेवर नेऊन बसवलं. मग ते बाहेर आले आणि नामदेवला फोन लावला. "पांढरी सगळी काढ. लादी तूच आण, आईसाठी आणलीस तशी."

मी संध्याकाळपर्यंत वाट पाहिली. 'नको' म्हणायला त्यांनी पुन्हा फोन केला नाही.