नाल्यावरचे दोन तवंग

विभावरी देवतळे जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात तेहेतीस वर्षं तपासणी विभागात होत्या. प्रत्येक सुटा भाग मोजायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन कांचघर मोहल्ल्यातल्या घरी बसल्या, तर शेजारचा आल्हाद एक दिवस अर्ज लिहून घ्यायला आला. तो रेल्वेत नोकरीला. बरगीच्या वाटेवरच्या एका पडीक माळावर तो आणि त्याचे वीस-बावीस मित्र मोटारसायकलींच्या मातीतल्या शर्यती भरवत. सगळे आपापल्या नोकऱ्या सांभाळून हे करणारे. कागदपत्रांच्या नावानं ठणठणाट. दोन अर्ज लिहून झाले आणि तिसऱ्याला विभावरीताई त्यांच्या क्लबच्या सचिव झाल्या. स्वतः त्यांनी आयुष्यभर फक्त लूना चालवली होती.

जानेवारीत सरकारी नोटीस आली. माळाच्या पायथ्याच्या नाल्यात तेल सोडलं जातं, अशी तक्रार होती. पंधरा दिवसांत उत्तर द्या, नाहीतर फेब्रुवारीच्या शर्यतीला परवानगी नाही.

"लिहून टाका ना ताई, आमच्याकडून तेल सांडत नाही," आल्हाद म्हणाला.

"सांडत नाही हे पाहिलं कोणी?"

कोणीच पाहिलं नव्हतं. म्हणून रविवारी सकाळी ताई एकट्याच तिकडे गेल्या आणि थेट तक्रारदाराच्या घरी पोचल्या. तुळशीराम नाल्याच्या खालच्या अंगाला तळ्यात मासे पाळायचा. क्लबची बाई घरी आलेली पाहून तो आधी गोंधळला, मग म्हणाला, "चलो दीदी, आप खुद देख लो."

नाल्यावर खरंच निळाजांभळा तवंग होता. ताई काठाकाठानं वर चालत गेल्या. बघतात तर शर्यतीच्या वाटेच्याही वर, जिथे मोटारसायकल कधी जातच नाही, तिथेही तसाच तवंग! तेल चढाला वाहत गेलं की काय? त्यांनी काडी घेतली आणि टोचली. भाजलेला पापड फुटावा तसे तवंगाचे तुकडे झाले. खाली येऊन, पोरं गाड्या धुतात त्या जागेखालच्या पाण्यात तीच काडी फिरवली. इथे तवंग बाजूला सरला आणि परत जुळून आला.

कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलेले गौतमजी त्यांच्या ओळखीचे. काठावरूनच ताईंनी त्यांना फोन लावला.

"तुकडे झाले तर ते पाण्यातल्या लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंचं काम," ते म्हणाले. "परत जुळला, तर तेल."

तुळशीरामनं मग स्वतः काडी घेतली आणि दोन्हीकडे चार-चारदा टोचून पाहिली. हसला. "आधा मेरा भ्रम, आधा आपका तेल."

ताईंनी उत्तरात दोन्ही तवंग लिहिले. मसुदा वाचून आल्हाद चिडला. "वरचा आपला नाही, एवढंच सांगा ना जी. खालचं काहून लिहून राहिल्या?"

"खालचा आपला आहे म्हणून."

"शर्यत जाईल, ताई!"

"जाईल."

आणि गेलीच. फेब्रुवारीची तारीख हुकली, तिघांनी क्लब सोडला, आल्हाद आठवडाभर ताईंकडे फिरकला नाही. मग एका शनिवारी त्यानंच फावडं उचललं. नाल्यापासून लांब, चढावर, गाड्या धुवायला सिमेंटची जागा केली. घाण पाणी अडवायला टाकी बांधली. तेल बदलायचं ते पत्र्याच्या ट्रेवरच, असा नियम केला. मार्चअखेर नोटीस पाठवणाऱ्या खात्याचे साहेब येऊन पाहून गेले, परवानगी मिळाली. एप्रिलच्या पहिल्या रविवारी शर्यत झाली.

तुळशीरामही पाहायला आला होता. गाड्या गरजत गेल्या तसे त्यानं कान झाकले आणि विचारलं, "दीदी, मछली को ये आवाज सुनाई देती होगी क्या?"

पुढची फेरी सुटायच्या आत ताई त्याच्याबरोबर तळ्यावर जाऊन बसल्या, मूठभर दाणे पाण्यावर टाकले आणि घड्याळ हातात धरून शांततेत मासे किती वेळात वर येतात ते मोजू लागल्या; गाड्या गरजल्या की परत मोजायचं होतं.