राखेतलं अस्वल

ये वो पोरी, जवळ सरक. पुण्यात बसलीस म्हणून काय झालं, वाचता वाचता सरक. परवा फोनवर काय बोललीस ते आठवते का? ‘मावशी, काहीही काढलं तरी कुणाचं तरी पाहून काढल्यासारखं दिसते, मी आता चित्रं सोडून देऊन राहिली, काढलेली फाडून टाकते.’ आणि वरून फोन ठेवून दिलास! मोठ्या माणसाचा फोन असा ठेवतात का? कानच पिळायला हवा तुझा. मी पुन्हा फोन केला नाही, कारण खरं सांगू, मी घाबरले होते. तू जे बोललीस ते माझ्याही पोटात पुष्कळ वर्षं बसून होतं.

मला चित्र कुणी शिकवलं नाही, तुला ठाऊकच आहे. किराणा दुकानातल्या कॅलेंडरवरचे देव, काडेपेटीवरचा मोर, शाळेच्या पुस्तकातला वाघ, जे दिसेल ते पाहून पाहून काढायची. लग्नघराच्या भिंतीवर गणपती काढायला मलाच बोलवायचे. पुढे अंगणवाड्यांच्या भिंती मिळाल्या. लोक म्हणायचे, ‘हुबेहूब!’ आणि मी फुगायची. हुबेहूब कुणासारखं, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही.

मग साठी उलटल्यावर नागपूरहून एका बाईंचा फोन आला. लहान मुलांची पुस्तकं काढतात त्या. माझी एक भिंत त्यांनी कुणाच्या तरी मोबाइलवर पाहिली होती. आपल्या जंगलातल्या अस्वलाची गोष्ट होती, चित्रं माझ्याकडून हवी होती. मी तर त्याच दिवशी कुडव्यातल्या आमच्या अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. आठवडाभर खपून अस्वलं काढली. गोल कान, गुबगुबीत पोट, हातात मधाचं मडकं. फोटो काढून पाठवून दिली.

संध्याकाळी बाई बोलल्या, ‘‘ताई, हात फार साफ आहे तुमचा. पण हे अस्वल मी आधी पाहिलंय.’’

‘‘कुठं जी, मॅडम?’’

‘‘सगळीकडे. तुम्ही खरं अस्वल पाहिलंय का कधी?’’

‘‘पाहिलं मग! आमच्याकडे काय कमी हायेत का?’’

साफ खोटं. जन्म जंगलाच्या कडेला गेला, पण अस्वल मी फक्त ऐकलं होतं. कुणाचा गाल ओरबाडला, कुणाच्या डोक्याची कातडी सोलली, हेच ऐकत मोठी झाले.

‘‘मग तेच काढा ना,’’ बाई म्हणाल्या. ‘‘गुढीपाडव्यापर्यंत थांबते. नाही जमलं तर दुसऱ्या कुणाला विचारावं लागेल. राग मानू नका.’’

राग कसला, मला घाम फुटला. कोरा कागद समोर घ्यायची. पेन्सिल टेकवली की तेच गोल कान. पुसलं, पुन्हा तेच. मग वाटायला लागलं, यातून सगळ्यांचं पाहून काढलेलं वजा केलं तर खाली काहीच उरणार नाही. मी चित्रकार नाहीच. आणि हे गल्लीला कळलं तर? मी कागद तांदळाच्या पिंपाखाली सरकवून दिले. स्वयंपाक करताना त्या पिंपाकडे पाठ करून बसायची, एवढी भीती.

तेवढ्यात चिचगडच्या नणंदेचा फोन आला. ‘‘वयनी, मोहा पडून राहिला. येतं का वेचाले?’’ कागदापासून पळायला निमित्तच मिळालं. गेले.

मोहाची फुलं पहाटे गळतात. पाचोळ्यात ती सापडत नाहीत, म्हणून झाडाखालचा पाला आधीच जाळून ठेवतात. वनखात्याची माणसं रागावतात, तरी जाळतात. मग खाली सगळं काळं, आणि सकाळी त्या काळ्यावर पिवळसर फुलं, लाह्या सांडल्यासारखी.

वाटेत नणंद म्हणाली, ‘‘तिथं त्याचं नाव नाई घ्याचं. त्यालेबी मोहा आवडते. अन् बोलत राहाचं. आवाज असला की तो दूर राहते.’’ मग माझ्याकडे पाहून हसली, ‘‘तुले तं सांगाची गरजच नाई म्हना.’’

आता नशीब बघ. जन्मभर जिची जीभ टाळूला लागली नाही ती मी, त्याच दिवशी गप्प झाले. नणंद एका झाडाखाली, मी पलीकडच्या. वाकून वेचत होते आणि डोक्यात तेच, पाडवा आला, कान गोल नको तर कसे? समोर एक जळकं खोड होतं. त्यावरही फुलं पडलेली. म्हटलं, तीही घेऊन टाकू. हात पुढे केला.

आणि फुलं वर उठली.

सगळी एकदम, सावकाश. जमिनीवरची जमिनीवर राहिली आणि खोडावरचीच तेवढी वर येऊन हवेत थांबली. मग ओल्या गोणपाटासारखा वास आला. लोहाराच्या भात्यासारखा श्वास ऐकू आला. पोरी, मला कान दिसले नाहीत, डोळे दिसले नाहीत, पोट तर नाहीच. राखेवर काळं होतं ते, दिसणार काय? नुसती हवेतली फुलं, आणि माझा पुढे केलेला हात. तो मागे घेता येईना.

‘‘वयनी! बोल वो! बोल कायीतरी!’’ मागून नणंद ओरडत होती, टोपली बडवत होती. आणि शेवटी माझ्या तोंडातून निघालं काय, तर ‘‘मॅडम! मॅडम!’’

फुलं वळली. हलली, थोडी गळून पडली, आणि झुडपं मोडत निघून गेली.

घरी येईपर्यंत नणंदेनं माझा दंड सोडला नाही. घर आल्यावर मात्र म्हणाली, ‘‘मॅडम म्हन्ते त्याले! तो का शाळेत शिकवते?’’ लुगडं ओलं झालं होतं. दवानं झालं असं मी सांगितलं, तिनं मानलं.

दुपारी चुलीजवळ जाऊन बसले. नणंदेच्या नातवाच्या वहीतला कागद घेतला. पेन्सिल धरवेना. म्हणून चुलीतला कोळसा घेतला आणि अख्खा कागद काळा करून टाकला. मग तांदळाचं ओलं पीठ बोटावर घेतलं. माझी आई दिवाळीला धान्याच्या कोठीवर असेच बोटाचे ठिपके द्यायची. खाली फुलं दिली, पुष्कळ. मग वर, जिथं जमीन नाही तिथं, एक ढीग फुलांचा. बस. अस्वल काढलंच नाही.

नणंद चहा घेऊन आली. कागदाकडे पाहिलं आणि कप तिथंच टेकवला.

‘‘काऊन काढलं वो हे? घरात नोको ठेवू.’’ आणि कागद उचलून तिनं पालथा घातला.

पाडव्याच्या आदल्या दिवशी तो मोबाइलवर पाठवला. दोन निळ्या खुणा दिसल्या आणि पुढे काहीच नाही. त्या अस्वलासमोर जेवढी घाबरले नव्हते तेवढी त्या खुणांसमोर घाबरले. शेवटी बाईंचा फोन आला.

‘‘ताई, यात अस्वल कुठं आहे?’’

मला वाटलं, गेलं पुस्तक. 

‘‘थांबा,’’ त्या म्हणाल्या. पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ‘‘दिसलं. हे मी कुठेच पाहिलेलं नाही.’’

पुस्तक निघालं. गल्लीतली लेकरं ते पान उलटताना चित्राला हात लावत नाहीत, कोपऱ्याला धरून उलटतात.

पण भीती गेली असं समजू नकोस. आता बाईंनी नवेगाव बांधच्या तळ्याची गोष्ट दिली आहे. मी काठावर बसून मासे काढले, तर ते सरळ कॅलेंडरमधून पोहत आले. म्हणजे आता डोंग्यात, त्या लहानशा होडीत बसून मधोमध जावं लागणार, आणि मला पोहता येत नाही. कागद पुन्हा पिंपाखाली आहेत. पाठ करून भात शिजवून राहिली मी.

तू ये ना. जी चित्रं फाडायला काढलीस तीही घेऊन ये, फाडू नकोस. डोंग्यात मी एकटी नाही बसणार. पाण्यावर माझी बोलती बंद झाली तर बोलत राहायला कोणीतरी पाहिजे. लवकर ये वो माय.