आर्डिसची सायकल

विल्माला त्या निळ्या सायकलीचा मनस्वी राग होता. माणूस असतं तर चार शब्द सुनावता तरी आले असते. लोखंडाला काय सुनावणार?

सायकल आर्डिसची. आर्डिस म्हणजे हार्लनची पहिली बायको, देवाघरी गेलेली. विल्मा त्याच्या घरात आली त्याला आता तीन वर्षं होत होती. शाळेच्या स्वयंपाकघरात तिचा जन्म गेला, आईचं म्हातारपण काढता काढता लग्नाचं वय निघून गेलं, आणि साठीच्या उंबरठ्यावर चर्चच्या सूप-पावाच्या जेवणात ती या विधुराशेजारी बसली. त्यानं तिला मीठ मागितलं, तिनं दिलं, आणि पुढच्या वसंतात दोघांचं लग्न लागलं. गावानं तोंडावर अभिनंदन केलं आणि पाठीमागं आर्डिसची आठवण काढली.

घरात शिरताना विल्मानं पुष्कळ पोटात घातलं. आर्डिसची ताटं वापरली, आर्डिसचे पडदे धुतले. "आर्डिसच्या बटाट्याच्या सॅलडला काय चव असायची!" असं हार्लनची बहीण बर्निस घास तोंडात असतानाच म्हणायची, तेही गिळलं. मेलेल्या बाईशी कसली बरोबरी करायची, असं ती स्वतःला बजावायची. पण ही लोखंडाची सवत दर उन्हाळ्यात तिच्यासोबत सुट्टीला यायची, आणि तेही पुढच्या मानाच्या जागेवर.

मिशिगनच्या त्या भागात ऑगस्ट आला की चर्चची मंडळी सरोवराकाठी मुक्कामाला जात. कुणाची मोठी फिरती घरं, कुणाचे तंबू. हार्लनचा घडीचा कॅम्पर होता, व्हॅनमागं जोडून न्यायचा. बंद असला की बुटक्या पेटीसारखा, छप्पर वर फिरवलं की दोन्ही अंगांनी कापडी पलंग बाहेर काढणारा. बर्निसच्या नवऱ्यानं एकदा स्वतःच्या कॅम्परच्या छपरावर सायकली लादल्या होत्या. मुक्कामाला पोचल्यावर सगळ्या उतरवल्याशिवाय छप्पर उघडेना, आणि तेव्हाच नेमका पाऊस. हार्लन असला वेडेपणा करणारा नव्हता. गुडघा दुखायला लागल्यावर त्यानं बॅटरीवर चालणारी जाडजूड सायकल घेतली. ती व्हॅन आणि कॅम्पर यांच्यामधल्या जागेत मावेना, वळणावर तिची मूठ व्हॅनच्या काचेला भिडायची. म्हणून कॅम्परच्या मागं, चौकटीला जाड लोखंड वेल्ड करून, ती अडकवायला घोडी बसवून घेतली. पुढच्या दांडीवर, जिथं कॅम्पर गाडीला जोडतात तिथं, निळी सायकल.

आणि ती बांधण्याचा थाट काय विचारता! आधी जुनी गोधडी गुंडाळायची. मग हँडल फिरवून घ्यायचं. पट्टे आवळायचे, चाक फिरू नये म्हणून वेगळी दोरी, पट्ट्यांची लोंबती टोकं गाठ मारून आत. मग दोन पावलं मागं सरून बघायचं, पुन्हा जवळ जाऊन गदागदा हलवून बघायचं. विल्मा स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे पाहायची आणि तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हिवाळ्यात बर्फावरून चालताना माझा हात कधी इतका जपून धरलास का रे बाबा, असं ओठांवर यायचं आणि तिथंच विरायचं. बरं, सायकल चालवायचं कुणी नाव घेत नसे. विल्माला सायकल येत नव्हती. ती निळी बया झाडाला साखळीनं बांधलेली राहायची, येणारे-जाणारे तिच्याकडे बघून हळहळायचे, आणि सुट्टी संपली की ती गोधडी पांघरून घरी यायची.

या वर्षी निघायच्या सकाळी हार्लननं गोधडी हातात घेतली आणि विल्मा अंगणात येऊन उभी राहिली.

"हार्लन, ही सायकल येणार असेल तर मी येत नाही."

"काय?"

"नीट ऐकू आलंय तुला. ती किंवा मी."

"अगं पण विल्मा, त्याचं असं आहे की..."

"एक शब्द नको. तीन वर्षं तोंड शिवून बसलेय मी. आज तू शिवून घे."

हार्लनला तोंड शिवायला फारसे टाके लागत नसत, चार वाक्यांत दिवस काढणारा माणूस तो. त्यानं सायकल गॅरेजमध्ये नेऊन खुंटीला टांगली. परत येऊन मात्र तो त्या रिकाम्या दांडीकडे बघत बराच वेळ उभा राहिला, डोकं खाजवत. विल्मानं ते पाहिलं आणि जिंकल्याचा आनंद जागच्या जागी आंबला. बघा, कसा सुतकी चेहरा करून उभा आहे! मी रुसून माहेरी गेले असते तर एवढं तरी वाटलं असतं का याला?

हमरस्त्याला लागल्यावरही ती जळतच होती. हार्लन नेहमीपेक्षा सावकाश चालवत होता, सारखा आरशात बघत होता. तिला वाटलं, मागं राहिलेल्या घराकडेच बघतोय. मग उताराला दुधाचा एक मोठा टँकर शेजारून सुसाट गेला, आणि कॅम्परनं शेपूट हलवलं. एकदा डावीकडे, मग उजवीकडे, मग असं काही की आख्खी व्हॅन त्याच्या तालावर झुलायला लागली. विल्मानं दाराची मूठ घट्ट पकडली. हार्लननं ब्रेकला पाय लावला नाही. नुसता वेग सोडून दिला, स्टिअरिंग सरळ धरून ठेवलं, आणि हळूहळू ते झुलणं थांबलं. मग त्यानं गाडी कडेला उभी केली.

हार्लन खाली उतरला. कॅम्परच्या दांडीखाली हात घालून त्यानं वर जोर लावून पाहिला आणि मान हलवली.

"उलाळ झालाय. मागं माझी धूड सायकल, पुढं काहीच नाही. नाक हलकं झालं की हा असा नाचतो. तेच सांगत होतो सकाळी."

"म्हणजे?"

"म्हणजे पुढं वजन हवं. पुढच्या गावात बघू."

पुढच्या गावातल्या शेतीसामानाच्या दुकानातून त्यानं खडेमिठाची दोन पोती आणली, पाणी मऊ करायच्या यंत्रात घालतात ती. कॅम्परच्या पुढच्या पेटीत ठेवली, दांडीला पुन्हा हात लावून पाहिला. त्यानंतर कॅम्पर गरीब गाईसारखा मागून आला.

"बघ," हार्लन खुशीत म्हणाला, "काही फरक नाही."

विल्मानं मान वळवून त्याच्याकडे बघितलं.

"तू ती सायकल वजनासाठी नेत होतास?"

"मग आणखी कशासाठी? चालवतंय कोण तिला?"

"आणि गोधडी?"

"पट्टे घासून तुटतात गं. भर रस्त्यात सुटली तर मागच्याचा जीव जायचा."

"तीन वर्षं मला वाटत होतं..." ती थांबली. "आर्डिसची आठवण म्हणून नाही?"

हार्लननं प्रामाणिकपणे विचार केला, हा त्याचा गुण आणि हाच त्याचा दोष. "तसं काही मनात आलं नाही," तो म्हणाला. "घरात होतीच. असताना वजन विकत कशाला आणायचं?"

आता खरं तर विल्मानं गाणं म्हणायला हवं होतं. तिची सवत कधी नव्हतीच. पण तिला गाणं सुचेना. ज्या प्रेमावर ती इतकी जळली, ते दोन पोती मिठाच्या भावाचं निघालं. चाळीस वर्षं ज्या बाईनं याचे डबे भरले, तिच्या सायकलीच्या जागी मीठ, आणि म्हणे काही फरक नाही!

मुक्कामाला पोचल्या पोचल्या बर्निस हजर. तिनं कॅम्परच्या पुढं बघितलं, मागं बघितलं, आणि विल्माकडे असं बघितलं जणू हिनं थडगंच उकरलंय.

"आर्डिसची सायकल कुठाय? यंदा आणली नाही? माझा भाऊ तिच्यावाचून कधी इथं आला नाही, विल्मा."

हार्लन खुर्च्या उघडत होता. त्यानं खरं सांगायला तोंड उघडलंच होतं.

"मीच म्हटलं, राहू दे घरी," विल्मा घाईनं म्हणाली. "रस्त्यात काही झालं तर? नवा पट्टा आणू म्हणाला, मीच नको म्हटलं. रोज पुसून ठेवतो गं ती. हल्ली तिला हात लावला की याचे डोळे भरून येतात."

बर्निसचे डोळे तिथंच भरून आले. तिनं आयुष्यात पहिल्यांदा विल्माला मिठी मारली आणि नाक पुसत आपल्या कॅम्परकडे गेली, ही बातमी शिळी व्हायच्या आत वाटायला.

हार्लन अर्धी उघडलेली खुर्ची हातात धरून उभा होता.

"असं का सांगितलंस? मी तर कधी..."

"ठाऊक आहे मला, तू कधी." विल्मानं त्याच्या हातातली खुर्ची घेतली आणि उघडून खाली ठेवली. "मी गेल्यावर माझंही काहीतरी वजनाला बांधशीलच कुठंतरी, हार्लन. तेव्हा तुझी तिसरी बायको असली, तर तिनंही लोकांना असंच सांगावं."