एकट्या मशीनच्या कानात

आमच्या रक्तपेढीच्या कॉम्प्युटर विभागात एक ज्येष्ठ सहकारी होते, त्यांना सगळे मास्तर म्हणत. शिकवण्याची खोडच होती त्यांना. आमचा डेटाबेस तीन मशीनवर मिळून चालायचा. एक पुढारी, दोन जोडीदार, आणि कामाच्या नियमांची प्रत तिघांकडे सारखी. नियम बदलायचा तर तिघांना मिळून कळवायचं, एकट्याच्या कानात सांगायचं नाही, हे मास्तरांचं पालुपद. ते तोंडपाठ होईपर्यंत ते कुणाचा पिच्छा सोडत नसत.

आणि नेमकं तेच ते करून बसले. एकदा गर्दीत काउंटर अडकायला लागले, तेव्हा किती काउंटर एका वेळी जोडून घ्यायचे ही मर्यादा त्यांनी घाईघाईत फक्त पुढारी मशीनवर वाढवली. काम भागलं आणि ते विसरूनही गेले.

पुढे आमच्या विभागातल्या ताईंनी दुरुस्तीसाठी ते मशीन बंद करून पुन्हा चालू केलं. चालू होताना त्याने रीतीप्रमाणे जोडीदारांकडून नियम मागून घेतले, आणि जुनी मर्यादा परत आली. काउंटर ठप्प. बाहेर पेशंटचे नातेवाईक ताटकळलेले. मास्तरांचा पारा चढला. सगळ्यांदेखत त्यांनी ताईंना फैलावर घेतलं, वर साहेबांकडे जाऊन हलगर्जीपणाची तक्रारही केली. ताईंची बढती तेव्हा साहेबांच्याच हातात होती.

परत आल्यावरही त्यांचं चालूच. "मी वाढवलेली मर्यादा तुम्ही पुसलीत कशी?"

"मी काही पुसलं नाही, मास्तर. बाकीच्या दोघांना ती कधी कळलीच नव्हती."

मास्तरांचा चेहरा खर्रकन उतरला. आमच्यातलं कुणी हसलं असतं तरी त्यांना सोपं गेलं असतं. ताईंनी मर्यादा तिन्ही मशीनना कळवली, काउंटर सुरू झाले. मास्तर उठून साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन आले आणि मान खाली घालून बसले. लाज इतकी, की समोरचा चहा निवला तरी त्यांनी कपाला हात लावला नाही.

शेवटी ताईच त्यांच्या टेबलापाशी गेल्या.

"साहेबांना सांगितलंत?"

"हो. चूक माझी होती म्हटलं. तक्रार मागे घेतली."

"एकट्या साहेबांनाच?"

मास्तरांनी कप बाजूला सरकवला. मग उठले, खोलीच्या मधोमध येऊन उभे राहिले, आणि आम्ही सगळे हातातलं काम थांबवून वर बघेपर्यंत तसेच थांबले.