नवमीला बंद झालेली लॅब

धुळ्याच्या ज्या कॉलेजात मी शिकवायचो, तिथल्या लॅबमध्ये वीस जुने संगणक होते आणि माझी पीएचडी त्यांच्या जिवावर चालली होती. प्रत्येकाच्या पोटात मी चार-चार आभासी संगणक बसवले होते, म्हणजे वीस यंत्रांचं ऐंशी घरांचं गाव. या गावाला सरपंच नव्हता. माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती तीन वेगळ्या यंत्रांवर असायच्या, आणि एखादं यंत्र मेलं की उरलेली आपापसांत विचारपूस करून नवी प्रत तयार करायची. मी रोज मुद्दाम एक-दोन यंत्रं बंद पाडायचो. बाकीची सावरून घ्यायची, आणि मी दिवसभर छाती फुगवून हिंडायचो.

डिस्क जुन्या आणि रडतखडत चालणाऱ्या, म्हणून सगळं मेमरीतच ठेवलं होतं. वीज गेली की मेमरी कोरी होते, हे पहिल्या वर्षाच्या मुलांना मीच शिकवायचो. पण लॅबला बॅटरी होती, आणि वीसच्या वीस यंत्रं एकदम जातील कशाला? दोन महिन्यांच्या मोजमापाच्या नोंदीसुद्धा मी त्याच जाळ्यात ठेवल्या. त्या पेनड्राइव्हवर उतरवून घेणं मला कमीपणाचं वाटायचं.

लॅब सांभाळायला एक गृहस्थ होते, साक्रीकडचे. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना नाना म्हणायचे. कंत्राटावर होते, दरवर्षी प्राचार्यांची सही झाली तरच नोकरी पुढे सरकायची. मी यंत्रांवर 'बंद करू नये' असे कागद चिकटवले, तेव्हापासून नाना झाडूसुद्धा वायरींना जपून मारायचे.

नवरात्रात मी पाचोऱ्याला घरी निघालो. स्टेशनवर गाडी लागत होती, तेवढ्यात नानांचा फोन आला.

"सर, उद्या नवमी शे. बठ्ठा मशीन बंद करीसन पुसी लेऊ का? पूजा करनी शे."

आमच्याकडे नवमीला हत्यारं-अवजारं पुसून पुजतात. लोहाराचा हातोडा असो की शाळेतला टाइपरायटर, त्या दिवशी त्याला विश्रांती. मला हे ठाऊक होतं. तरी डब्यात जागा धरायच्या घाईत मी म्हणालो, "हो हो, घ्या करून," आणि फोन खिशात टाकला. सगळी यंत्रं बंद करायचं विचारतायत, हे ऐकलं होतं, पण मनावर घेतलंच नव्हतं.

सुट्टीनंतर लॅब उघडली तर प्रत्येक यंत्राला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. ओलं फडकं फिरवायचं म्हणून नानांनी मेन स्विच पाडला होता आणि बॅटरीही बंद केली होती. शहाण्या माणसाने जे करावं तेच. दोन महिन्यांच्या नोंदींतलं एक अक्षरही उरलं नव्हतं.

मुदतवाढीच्या अर्जात कारण द्यावं लागतं. मी लिहिलं, 'प्रयोगशाळेतील कर्मचाऱ्याने परवानगी न घेता वीजपुरवठा खंडित केला.' एवढं वाक्य लिहायला मला दोन मिनिटं लागली नाहीत. त्याची लाज मला आजही वाटते.

प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं. नानांना विचारलं, "बंद करायच्या आधी कोणाला विचारलं होतं?"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी टेबलावरच्या काचेखालचं वेळापत्रक वाचत बसलो.

"कोनलेच नही, साहेब," नाना म्हणाले.

मला मुदतवाढ मिळाली. त्यांच्या कंत्राटावर त्या वर्षी सही झाली नाही. पुढे मी सगळी यंत्रं एकदम मेली तर काय, यावर एक अख्खं प्रकरण लिहिलं. तोंडी परीक्षेत त्याच प्रकरणाचं कौतुक झालं. हे सुचलं कसं, असं परीक्षकांनी विचारलं. मी म्हणालो, "अनुभवातून."

दोन-तीन वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी साक्रीला गेलो होतो. आठवडेबाजारात नाना भाजी घेऊन बसलेले दिसले. खूप वाळले होते. मी तोंड चुकवून पुढे निघणार, तोच त्यांनी हाक मारली आणि शेजारच्याला कौतुकाने सांगितलं, "ह्या आमना सर शेतस. डॉक्टर व्हयनात."

एकदाचं बोलून टाकावं म्हणून मी खाली बसलो आणि म्हणालो, "नाना, तो नवमीचा विषय..."

त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही. "मनीच चूक व्हती, सर," ते म्हणाले. "तुमले एक फोन कराले पाहिजे व्हता."

आधी वाटलं, मला सांभाळून घेतायत. पण त्यांच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. घरच्यांना, गावाला, स्वतःला इतक्यांदा सांगून त्यांना आता ते खरंच वाटत होतं. तो फोन झाला होता, हे आता एकट्या मलाच माहीत होतं. आणि ते न सांगताच मी उठलो.