डिलाईल रोड ते गिरगाव, पिशवीत मामंजींचे बूट

गिरगावला जायचं ठरलं ते सासूबाईंच्या भक्तीमुळे. तुम्ही पोरं आता मोबाईलवर रस्ता बघून निघता. मी निघाले तेव्हा मालवणहून डिलाईल रोडच्या चाळीत नुकतीच लग्न होऊन आलेली, आणि माझी धाव नळापासून गॅलरीपर्यंत. त्यात संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. आज हरताळ, उद्या मोर्चा.

मामंजी, म्हणजे माझे सासरे, गिरणीत बॉयलरवर होते. पायात त्यांच्या वडलांचे जाड कातडी बूट. एकदा चपला घालून गेले तर निखारा पडून पाय भाजला, तेव्हापासून बुटांशिवाय कामावर जात नसत. खंडेनवमीला घरातली हत्यारं धुऊन पुजायची आमची रीत. सासूबाईंनी पान्ह्यांबरोबर बूटही खसाखसा धुतले, हळदकुंकू वाहिलं आणि वाळायला शेगडीला टेकवले. दसऱ्याला बघतात तर बूट लाकडासारखे कडक, वर भेगा. दुसऱ्या दिवशी मामंजींची रात्रपाळी होती. जाईन चपला घालून, एवढंच ते म्हणाले. सासूबाई मात्र अन्नाला शिवेनात.

त्या दिवशी सकाळी मामंजी काही कामाने बाहेर पडल्यावर सासूबाईंनी बुटांची पिशवी माझ्या हातात दिली. बूट गिरगावात शिवलेले, दुकान ठाकूरद्वाराजवळ. "गो, येकटी जाशीत मां?" मी जाईन म्हटलं आणि निघाले.

करी रोडच्या पुलावरून लालबागला आले आणि ट्राम धरली. भाडं आण्यांत, आणि वारा फुकट! बाई गं, काय मजा वाटली. पण भायखळ्याला ट्राम थांबली. पुढे मोर्चा आहे, माघारी फिरा, असं कंडक्टर म्हणाला. माघारी फिरून सासूबाईंना काय तोंड दाखवणार? विचारत विचारत चालत सुटले. तुम्हाला तो रस्ता पायी करायचा असेल तर जुन्या चपला घाला. माझ्या नव्या होत्या, चांगल्याच चावल्या.

पोचले तर दुकानदार काका फळ्या लावत होते. आज बंद, उद्या या, म्हणाले. मी पिशवी उघडली. त्यांनी एक बूट उलटा केला, टाक्यांवरून बोट फिरवलं. "हे आमच्या बाबांचं काम आहे." मग जे डाफरले! कातडं कुणी शेकलं, पाण्यात कुणी बुडवलं, अक्कल कुठे गहाण टाकली होती? मी सासूबाईंचं नाव घेतलं नाही. पूजा केली, एवढं सांगितलं. त्यांनी मला आत घेतलं आणि राहिलेल्या फळ्या लावल्या.

बाहेर घोषणांनी गल्ली दणाणत होती. आत काकांनी ओलसर फडक्याने बूट पुसले, वाटीत एरंडेल आणि मेण कोमट केलं आणि बोटांनी चोळायला लागले. चोळायचं, मुरू द्यायचं, पुन्हा चोळायचं. मी घाई करायला लागले तर म्हणाले, मोर्चा जाईपर्यंत तुला बाहेर सोडत नाही आणि तेलही कुणाची घाई ऐकत नाही. स्वतःच्या डब्यातली अर्धी पोळीभाजी माझ्यापुढे सरकवली. एकीकडे शिकवणी चालूच: बूट भिजले तर आत कागद कोंबून सावलीत वाळवा, ऊन नको, शेगडी तर नकोच. टोकावरचा कुंकवाचा डाग काही निघेना. असू दे, म्हणाले, आणि मजुरी वाजवीच घेतली. परतीची वाटही समजावून दिली.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे सात रस्त्याच्या नाक्यावरून चालत घरी आले तेव्हा दिवेलागण झाली होती. मामंजी चपला घालून दारात उभे. मी पिशवी पुढे केली. त्यांनी बूट चढवले, टाच आपटली, दोन पावलं टाकली. कातडं मऊ वाकत होतं. सासूबाई आतल्या दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या. मामंजी त्यांच्याकडे बघून म्हणाले, "बुटांका तेल मिळाला. आता तू चार घास खा. तू जेवल्याबिगर मी जावचंय नाय."

पाळीला उशीर होईल हे त्यांनाही ठाऊक होतं. तरी पाटासमोर उभेच राहिले, सासूबाईंचा भात संपेपर्यंत.

मामंजी गेले, सासूबाई गेल्या, आमची चाळही पडली. बूट माझ्याकडे आहेत, टोकाला तो डागही आहे. दर खंडेनवमीला एरंडेल कोमट करते आणि चोळताना तिघांचे उपकार आठवते. काकांचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून त्यांच्या वाट्याची अर्धी पोळी त्या दिवशी काढून ठेवते, आणि दुपारी दाराशी जो कुणी येईल त्याला जेवायला बसवते.