खोकल्याच्या औषधाची दोन झाकणं

चूक माझीच होती. हे कबूल करायला मला तीन आठवडे लागले, आणि त्या तीन आठवड्यांत मी मे महिन्यात घरातला कूलर बंद ठेवला.

माझे सासरे मूर्तिजापूरला असतात. रोज सकाळी तलावावर गळ टाकून बसणं हाच त्यांचा एक शौक. त्यांच्या मासेमारीच्या जुन्या रॉडच्या, गळाची दोरी ओवतात त्या कड्या सैल झाल्या होत्या. रॉड बांधणं हा माझा छंद, म्हणून मीच फुशारकी मारली, "आणा इकडे. नवा करून देतो."

अकरा दिवस रोज सकाळी खपून मी कड्या पक्क्या बांधल्या आणि मुठीच्या वर लाल-पिवळ्या दोऱ्याची शंकरपाळ्यांसारखी नक्षी गुंडाळली. त्यावर इपॉक्सीचा लेप. दोन बाटल्यांतली दोन द्रावणं, एक लेपाचं आणि एक तो कडक करणारं, अगदी समान घ्यायची, कालवायची, लावायची आणि लेप ओघळू नये म्हणून रॉड छोट्या मोटरवर सावकाश फिरत ठेवायचा. मापाला मी खोकल्याच्या औषधाची दोन झाकणं घेतली.

दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर चिकट. तिसऱ्या दिवशीही चिकट. चौथ्या दिवशी पिवळ्या शंकरपाळ्यावर एक माशी कायमची बसलेली. माझं डोकं फिरलं. शेजारच्या खोलीत कूलर घरघरत होता. मी जाऊन बटण बंद केलं.

"काहून बंद केला?" बायकोने विचारलं.

"ओली हवा लागली की लेप वाळत नाही."

"तुमच्या काडीले हवा चालत नाही, अन् मी काय इथं पापडासारखी वाळू?"

तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. "झाला काय जी रॉड, जवाईबुवा? घरी बसून बसून कंटाळलो."

मी म्हणालो, "झाला असता. पण तुमच्या लेकीच्या कूलरनं घात केला."

त्यांनी तिला फोनवर बोलावलं. फोन स्पीकरवर होता, समोर उभा राहून मी ऐकत होतो. "अवं बाई, चार दिवस कूलर बंद ठेवला असता तर काय बिघडत होतं वं? माणूस माह्यासाठी एवढं करून राहिला!" ती नुसतं "हो बाबा" म्हणाली.

दोन दिवसांनी ती झाकणं धुऊन परत औषधाच्या बाटल्यांना लावायला गेलो. एक बसेना. एकात पाणी भरून दुसऱ्यात ओतलं, तर ते ओसंडून वाहिलं. झाकणं वेगवेगळ्या औषधांची होती. कडक करणारं द्रावण कमी पडलं होतं. कूलरचा काही संबंध नव्हता.

तेव्हाच सांगायचं होतं. मी झाकणं कचऱ्यात टाकली, ब्लेडने सगळा दोरा खरवडून काढला आणि पुन्हा गुंडाळायला बसलो. कूलर सुरू केला असता तर कारण सांगावं लागलं असतं, म्हणून आता दोऱ्यालाही ओल नको, असं ठोकून दिलं. बायको डोक्यावर ओला टॉवेल टाकून पोळ्या लाटायची. तिच्या मानेवर घामोळं उठलं होतं. मला दिसत होतं, आणि स्वतःचा इतका वैताग यायचा की मी तिच्यावरच खेकसायचो.

या वेळी मेडिकलमधून दोन सारख्या सिरिंज आणून मापलं. रात्रीतून लेप काचेसारखा कडक झाला.

आम्ही दोघं रॉड घेऊन मूर्तिजापूरला गेलो. सासऱ्यांनी नखाने टकटक केलं, मान डोलावली आणि लेकीकडे वळले. "पाह्य! कूलर बंद ठेवला त कसं झकास झालं. आधीच ऐकलं असतं त?"

ती रॉडकडे बघत राहिली. या वेळी "हो बाबा"सुद्धा म्हणाली नाही.

"बाबा, कूलरचं काहीच नव्हतं," मी म्हणालो. "माप मीच चुकवलं होतं. हे मले दोन आठवड्यांपासून माहीत आहे."

सासऱ्यांनी रॉड खाली ठेवला. मी बायकोकडे वळलो. तिच्या मानेवरचं लाल पुरळ अजून गेलं नव्हतं.

"माह्यं चुकलं. तुले उकाड्यात बसवलं, अन् तुह्या बापाजवळ तुह्यावर खोटा आळ घेतला. मले माफ कर."